स्पर्धा तुमची, मग खेळाडू कोणाच्या? फिबा युरोपला खुले पत्र

म्युनिक, 20 मे 2022

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि कार्यकारी मंडळ,
फिबा युरोप, म्युनिक

सविनय नमस्कार.

बास्केटबॉलची युरोपीय संघटना म्हणून तुम्ही महिला क्लबांची युरोलीग विमेन ही स्पर्धा भरवता. तिचा 2021-22 चा हंगाम तुमच्या नोंदीत 10 एप्रिलला संपला. इस्तंबूलला अंतिम सामना झाला, हंगेरीच्या शोप्रोन क्लबाने तुर्कस्तानच्या फेनरबाचेला त्यांच्याच शहरात 60-55 असं हरवलं आणि पहिल्यांदाच करंडक उचलला. तुम्ही एव्हाना पुढच्या हंगामाच्या तयारीला लागला असाल. मला मात्र हा हंगाम संपला असं म्हणवत नाही. तुमची ही स्पर्धा चार वेळा जिंकलेली अमेरिकेची ब्रिटनी ग्रायनर 17 फेब्रुवारीपासून रशियात कोठडीत आहे. मागच्याच आठवड्यात, 13 मे रोजी, तिची कोठडी आणखी महिनाभर वाढवली. ती तिथे हौसेने फिरायला गेली नव्हती. तुमच्या स्पर्धेत उतरलेल्या युएमएमसी येकातेरिनबुर्ग या रशियन क्लबाकडे, आपल्या कामावर, परत निघाली होती.

हे पत्र मी तुमच्या कार्यालयाला इंग्रजीत पाठवलं आहे. मराठीत सगळ्यांसमोर ठेवते आहे ते नागपूर, पुणे, सांगली, मुंबईतल्या त्या प्रशिक्षकांसाठी आणि आईवडिलांसाठी, ज्यांच्या मुली उद्या खेळण्यासाठी देशाबाहेर पडतील. आपली पोरगी कोणाच्या भरवशावर पाठवायची, हे त्यांना आधी कळायला हवं.

मी मूळची नागपूरची. सिमेंटच्या कोर्टवर गुडघे सोलून घेत खेळले, विद्यापीठाच्या संघातून खेळले आणि तिथेच थांबले, कारण पुढे रस्ता दिसत नव्हता. आमच्या पिढीला पहिल्यांदा तो दिसला केरळच्या गीतू ॲना जोसमुळे. ती ऑस्ट्रेलियात क्लबाकडून खेळायला गेली, तेव्हा बास्केटबॉल खेळून बाईला पोट भरता येतं हे आम्हाला कळलं. माझ्यासाठी तोवर उशीर झाला होता. नोकरीने मला म्युनिकला आणलं. इथे संध्याकाळी मी वस्तीतल्या क्लबात सोळा वर्षांखालच्या मुलींना शिकवते आणि माझी मुलगी त्याच संघात गार्ड खेळते. यूएसके प्रागचा सामना क्रालोव्का हॉलमध्ये असला आणि सुट्टी जुळली, की मुलींना गाडीत घालून प्रागला नेते. बाकी सामने आम्ही बुधवारी रात्री इंटरनेटवर बघतो. या मुलींना बेल्जियमच्या एमा मेसेमनचा पाय पोस्टमध्ये, म्हणजे बास्केटजवळ, कसा वळतो ते पाठ आहे. त्यांना हेच व्हायचं आहे, युरोलीग खेळायची आहे. म्हणून या स्पर्धेत खेळाडूंचं काय होतं याच्याशी माझा थेट संबंध आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. 1 मार्चला फिबाने रशियन क्लबांना आणि संघांना स्पर्धांबाहेर काढलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. 24 फेब्रुवारीला युक्रेनवर हल्ला झाल्यावर दुसरा कुठलाही निर्णय मला पटला नसता. युएमएमसी येकातेरिनबुर्ग गतविजेता होता, दिनामो कुर्स्क 2017 चा विजेता होता, बाद फेरी तोंडावर आली होती, तरीही तो निर्णय घेतला गेला. त्याचा मी आदर करते. माझी तक्रार त्या निर्णयाच्या आधीच्या आणि नंतरच्या गोष्टींबद्दल आहे. क्लब बाहेर गेला, पण त्या क्लबाच्या जर्सीत असलेल्या माणसांचं काय, हा प्रश्न कोणी आपल्या अंगावर घेतला नाही.

आणि शोप्रोनबद्दलही दोन शब्द, कारण या सगळ्यात त्यांच्यावर अन्याय होतो आहे. साठ हजारांच्या आसपास वस्तीचं हे गाव, तिन्ही बाजूंनी ऑस्ट्रिया. 1921 मध्ये मतदान घेऊन हंगेरीत राहिलेलं. 1989 च्या ऑगस्टमध्ये याच गावाबाहेरच्या सीमेवर कुंपणाचं फाटक उघडलं आणि पूर्व जर्मनीतली शेकडो माणसं पलीकडे गेली. आमच्या क्लबातल्या जुन्या लोकांना तो दिवस आजही आठवतो. अशा गावाने महिला बास्केटबॉलचा संघ उभा केला आणि तो युरोपच्या शिखरापर्यंत नेला. 2018 मध्ये फायनल फोर, म्हणजे शेवटच्या चार संघांची लढत, त्यांच्याच गावात होती. घरच्या प्रेक्षकांसमोर त्यांनी अंतिम सामना 72-53 असा गमावला, तोही युएमएमसीविरुद्ध. चार वर्षांनी इस्तंबूलमध्ये, फेनरबाचेच्या पाठीराख्यांच्या गोंगाटात, त्यांनी तो जिंकला. धावफलक पाहा, 60-55. म्हणजे शेवटपर्यंत प्रत्येक चेंडूसाठी झुंज, आणि बचाव असा की फेनरबाचेसारख्या संघाला साठ गुणही गाठता आले नाहीत. फ्रान्सकडून खेळणारी गॅबी विल्यम्स फायनल फोरची सर्वोत्तम खेळाडू ठरली. हंगेरीच्या क्लबाने ही स्पर्धा याआधी कधीच जिंकली नव्हती. लॅटव्हियातल्या रिगाच्या संघाने सोव्हिएत काळात जिची अठरा विजेतेपदं मिळवली, ती स्पर्धा शोप्रोनने जिंकली. तरीही या विजयाबद्दल बोलताना लोक पहिला प्रश्न विचारतात, युएमएमसी असती तर? शोप्रोनच्या मुलींना तुम्ही या प्रश्नासोबत एकटं सोडलं आहे. तुमच्याकडून या हंगामाचा मोकळा, सविस्तर हिशोब जाहीर झाला असता, तर त्यांच्या करंडकावर ही सावली राहिली नसती.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार ग्रायनरबद्दलची. तारखा मी पुन्हा पुन्हा ताडून पाहिल्या आहेत. 23 जानेवारीला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आपल्या नागरिकांना रशियाला जाऊ नका असा इशारा दिला. 10 ते 13 फेब्रुवारीला विश्वचषकाच्या पात्रता स्पर्धा होत्या, त्यासाठी क्लबांचं वेळापत्रक थांबलं. ही सुट्टी फिबाच्या वेळापत्रकातली. त्या सुट्टीत खेळाडू घरी गेल्या आणि सुट्टी संपल्यावर परत निघाल्या. ग्रायनरही निघाली आणि 17 तारखेला मॉस्कोच्या शेरेमेत्येवो विमानतळावर तिला ताब्यात घेतलं. सामानात हशीश तेलाची कार्ट्रिज सापडली असं तिथलं सीमाशुल्क खातं म्हणतं. या कलमाखाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ही बातमी जगाला 5 मार्चला कळली. म्हणजे दोन आठवड्यांहून जास्त काळ दोन मीटरहून उंच असलेली, दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकलेली खेळाडू बेपत्ता असल्यासारखी होती आणि बाहेर कोणालाच पत्ता नव्हता.

ती दोषी आहे की नाही, हे ठरवणारी मी कोण? मी ते विचारतही नाही. मी विचारते आहे ते एवढंच: 23 जानेवारीनंतर तुमच्यापैकी कोणी रशियन क्लबांना विचारलं का, की तुमच्याकडच्या परदेशी खेळाडूंच्या सुरक्षेची काय व्यवस्था आहे? खेळाडूंना कोणी सांगितलं का, की परत यायचं नसेल तर येऊ नका, करार मोडल्याचा ठपका आम्ही तुमच्यावर येऊ देणार नाही? असं झालं असेल तर ते जाहीर करा, मी माझे शब्द आनंदाने मागे घेईन. झालं नसेल, तर एक साधी गोष्ट लक्षात घ्या. जिला करार मोडल्याच्या दंडाची भीती असते, ती इशारे वाचूनही विमानात बसते.

महिलांच्या अमेरिकन लीगचा, म्हणजे डब्ल्यूएनबीएचा, हंगाम 6 मेला सुरू झाला. तिथे बाराच्या बारा संघांच्या कोर्टवर तिची आद्याक्षरं आणि 42 हा तिचा क्रमांक रंगवला आहे. 3 मेपासून अमेरिकन सरकार तिला अन्यायाने डांबलेली व्यक्ती मानतं. ती ज्या स्पर्धेसाठी काम करत होती, त्या स्पर्धेने तिचं नाव घेऊन ठामपणे काही बोलावं, याची मी अजून वाट पाहते आहे.

दुसरी तक्रार पैशाची. या खेळाडू हिवाळ्यात रशियात का जातात, हे तुम्ही जाणता, पण इथल्या वाचकांसाठी सांगते. अमेरिकन लीगमध्ये बारा संघ आणि प्रत्येकी बारा जागा, म्हणजे सगळ्या मिळून 144. यंदा तिथे कमाल पगार 2,28,094 डॉलर आहे आणि किमान 60,471. आपल्याकडे रुपयांत हे फार वाटेल. पण ही जगातल्या सर्वोत्तम खेळाडूची वर्षाची कमाल रक्कम आहे, तिची कारकीर्द दहा-बारा वर्षांची असते, आणि एका दुखापतीत ती संपू शकते. येकातेरिनबुर्गला ग्रायनरला दहा लाख डॉलरहून जास्त मिळत होते असं वर्तमानपत्रांत आलं आहे. 2015 मध्ये तर याच क्लबाने डायना टौरासीला उन्हाळ्यात अमेरिकेत न खेळता विश्रांती घेण्यासाठी पैसे दिले आणि तिने ते घेतले. तिला दोष देणाऱ्यांनी आपली पगाराची चिठ्ठी तिच्याजागी ठेवून पाहावी.

हा पैसा तिकीटविक्रीतून येत नव्हता. युएमएमसी म्हणजे उरलमधली तांब्याची बलाढ्य खाण कंपनी. त्याआधी मॉस्को भागातल्या स्पार्ताकने 2007 ते 2010 अशी सलग चार विजेतेपदं मिळवली ती शबताय कालमानोविच या एका माणसाच्या खिशातून. 2 नोव्हेंबर 2009 रोजी त्याला मॉस्कोत गोळ्या घालून मारलं. संघाने त्या मोसमाचं विजेतेपद मिळवलं, पण तो दबदबा पुढे टिकला नाही. आणि हे फक्त रशियातच होतं असं समजू नका. 2012 मध्ये व्हॅलेन्सियाचा रोस कासारेस क्लब युरोपचा विजेता झाला. मागे पोलादाचा उद्योग होता, संघात नामवंत खेळाडू होत्या. त्याच उन्हाळ्यात मालकांनी संघ बंद केला. युरोपचा विजेता संघ करंडक जिंकून काही आठवड्यांत नाहीसा होतो, आणि पुढच्या वर्षी स्पर्धा काही झालंच नाही अशी सुरू होते. तुमच्या जागी मी असते तर त्या दिवशी सगळे परवाने पुन्हा तपासले असते.

एकाच खांबावर घर उभारलं तर खांब पडला की घर पडतं, हे तुम्हाला 2009 मध्ये कळायला हवं होतं, 2012 मध्ये तर नक्कीच. 2022 मध्ये तो खांब पुन्हा पडला. जोनक्वेल जोन्स, कोर्टनी व्हँडरस्लूट, मेसेमन यांच्यासारख्या खेळाडूंना घाईघाईने रशिया सोडून यावं लागलं. ज्यांचं नाव आहे त्यांना दुसरा क्लब मिळेल. पण बेंचवरच्या नवव्या-दहाव्या खेळाडूचं काय? फिजिओचं काय? बाहेर काढलेल्या क्लबांमधल्या रशियन मुलींचं काय? त्यांच्यातल्या कोणी हे युद्ध सुरू केलेलं नाही.

पगार बुडण्याबद्दल मी पुस्तकात वाचून बोलत नाही. आमच्याच क्लबात वाढलेली एक मुलगी एका देशात दुय्यम लीगमध्ये खेळायला गेली. तो देश आणि तो क्लब यांची नावं मी घेत नाही, कारण तिला अजून खेळायचं आहे. दिवाळीपर्यंत पगार वेळेवर आला. मग ‘पुढच्या आठवड्यात’ सुरू झालं. क्लबाने घेतलेल्या घराचं भाडं थकलं, घरमालक दारात उभा राहिला, आणि संघाचे अध्यक्ष फोन घेईनात. ती सरावाला जात राहिली, कारण गैरहजर राहिलं तर करार तिनेच मोडला असं ठरलं असतं. फिबाने 2007 मध्ये लवाद स्थापन केला, त्याचा आम्हाला आधार वाटला. कागद पाहिले तेव्हा कळलं की दाद मागायलाही आधी शुल्क भरावं लागतं, वकील लागतो, आणि निवाड्याला महिने लागतात. तिच्याकडे परतीच्या तिकिटापुरते पैसे नव्हते. ते आम्ही वर्गणी काढून पाठवले. ती आता लाइपझिगच्या बाजूला एका दुकानात काम करते आणि संध्याकाळी खेळते. मोठ्या खेळाडूंच्या बाबतीत जे वर्तमानपत्रात येतं, ते छोट्यांच्या बाबतीत असं गुपचूप होतं.

तिसरी तक्रार दुखापतींबद्दल. 14 एप्रिल 2019 रोजी शोप्रोनमध्ये युएमएमसी आणि कुर्स्क यांच्यात तुमचा अंतिम सामना चालू होता. कुर्स्ककडून खेळणारी ब्रेअना स्टुअर्ट उडी मारून खाली आली आणि टाच धरून बसली. अ‍ॅकिलिस टेंडन फाटला होता. ती अमेरिकन लीगची त्या वेळची सर्वोत्तम खेळाडू होती आणि तिथला पुढचा संपूर्ण हंगाम तिला खेळता आला नाही. दोन वर्षांनी येकातेरिनबुर्गकडून खेळताना ती तुमच्याच फायनल फोरची सर्वोत्तम खेळाडू ठरली, ही तिची जिद्द. पण ज्या मुली तिच्यासारख्या सावरत नाहीत त्यांच्या उपचारांचा आणि बुडालेल्या उत्पन्नाचा भार कोणी उचलायचा, क्लबाने, स्पर्धेने की तिने स्वतः? मला खेळाडूंना दाखवण्यासाठी याचा स्पष्ट नियम हवा होता. मला तो सापडला नाही, आणि ज्यांना विचारलं त्यांनी प्रत्येकाने वेगळं उत्तर दिलं.

चौथी तक्रार वेळापत्रकाची. वर्षभर खेळत राहणं म्हणजे काय, हे कागदावर मांडून पाहा. ऑक्टोबर ते एप्रिल युरोलीग, सोबत देशांतर्गत लीग, तीही मेपर्यंत. नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत राष्ट्रीय संघ. मे ते सप्टेंबर अमेरिकन लीग, यंदा प्रत्येक संघाला 36 सामने. विषम वर्षांत ऐन जूनमध्ये युरोबास्केट, म्हणजे अमेरिकन हंगामाच्या मध्यावर. यंदा 22 सप्टेंबरपासून सिडनीत विश्वचषक. शरीराला यात उसंत कुठे आहे? आता तर अमेरिकन लीगने नियम केला आहे. दोन वर्षांहून जास्त अनुभवाची खेळाडू 2023 पासून सराव शिबिराला उशिरा आली तर दिवसाला एक टक्का पगार कापला जाईल, हंगाम सुरू होईपर्यंत आली नाही तर पूर्ण वर्ष निलंबन. 2024 पासून हे आणखी कडक होईल. तिकडचे मालक आपल्या बाजूने विचार करणार, हे समजू शकतं. पण तुमच्या बाजूने कोण विचार करतंय? फ्रान्स, स्पेन, इटली, तुर्कस्तानच्या लीगचे अंतिम सामने मेमध्ये असतात. अशा स्थितीत गॅबी विल्यम्ससारख्या खेळाडूला दोनपैकी एक नोकरी सोडावी लागेल. दोन संघटनांनी टेबलाशी बसून जे सोडवायचं, ते ओझं तुम्ही पंचविशीतल्या मुलींच्या डोक्यावर ठेवलं आहे. पुरुषांच्या बाबतीत हा प्रश्न इतक्या थराला जात नाही, कारण एनबीए, म्हणजे पुरुषांची अमेरिकन लीग, खेळणाऱ्याला दुसरी नोकरी शोधावी लागत नाही.

एक लहानशी बाब जाता जाता. फायनल फोरचं यजमानपद वारंवार स्पर्धेतल्याच एखाद्या क्लबाच्या गावाला दिलं जातं. यंदा शोप्रोनने इस्तंबूलमध्ये जिंकून दाखवलं, म्हणून हे बरोबर ठरत नाही. पैसे देणारा यजमान हवा असतो, हे मी समजते, पण निदान यावर चर्चा व्हायला हवी.

तुम्ही म्हणाल, हे सगळं क्लब आणि खेळाडू यांच्यातलं आहे, करार ते करतात. मला हे मान्य नाही. क्लबाला स्पर्धेत घ्यायचं की नाही, हे तुम्ही ठरवता. सामन्याच्या तारखा तुम्ही ठरवता. शूज, जर्सी, जाहिरातीचे फलक, पंच, चेंडू, या प्रत्येकाचे नियम तुमच्याकडे आहेत. चेंडूत हवा किती असावी हे ज्या संघटनेला ठाऊक आहे, तिला आपल्या कोर्टवर उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूचा पगार झाला की नाही, हेही ठाऊक असायला हवं.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

ब्रिटनी ग्रायनरच्या सुटकेची मागणी तुम्ही नाव घेऊन, लेखी आणि जाहीरपणे करा. ती सुटली नाही तर पुढच्या हंगामाच्या पहिल्या फेरीत प्रत्येक कोर्टवर तिचा क्रमांक दिसू द्या.

क्लबाला परवाना देण्याआधी, पूर्ण हंगामातल्या सगळ्या खेळाडूंच्या आणि प्रशिक्षकांच्या पगाराएवढी बँक हमी घ्या. क्लब बाहेर काढला गेला, बंद पडला किंवा त्याने पगार थकवला, तर खेळाडूला लवादाच्या दारात न पाठवता त्या हमीतून पैसे द्या. अशा खेळाडूला बदलीची मुदत न लावता दुसऱ्या क्लबात जाऊ द्या. असे काही नियम आधीपासून कागदावर असतील, तर ते खेळाडूंच्या भाषांमध्ये छापून प्रत्येकीच्या हातात द्या.

परदेशी खेळाडूंसाठी एक कायमचा मदत कक्ष उघडा. रात्री दोन वाजता फोन उचलणारं माणूस, स्थानिक वकील, दुभाषा आणि वकिलातीशी संपर्क, एवढं त्यात हवं. कुठल्याही देशाने आपल्या नागरिकांना प्रवासाचा इशारा दिला, तर त्या देशाच्या खेळाडूला दंडाशिवाय करार थांबवण्याचा हक्क असावा.

तुमच्या स्पर्धेत झालेल्या दुखापतीसाठी उपचार आणि बुडालेलं उत्पन्न भरून देणारा विमा सक्तीचा करा.

अमेरिकन लीगशी 2023 च्या आधी बसून वेळापत्रक ठरवा, आणि त्या बैठकीत खेळाडूंच्या प्रतिनिधी मतदानाच्या हक्कासह असू द्या. त्यांच्याविना घेतलेला निर्णय त्यांच्या हिताचा आहे असं सांगू नका.

यातल्या काही मागण्यांना पैसा लागेल, हे मला कळतं. त्यासाठी कदाचित दोन-चार क्लब स्पर्धेत येऊ शकणार नाहीत. सोळा संघांऐवजी बारा संघांची स्पर्धा झाली तरी चालेल, पण त्या बारांपैकी प्रत्येक संघातल्या बाराव्या खेळाडूला महिन्याच्या महिन्याला पगार मिळाला पाहिजे.

महाराष्ट्रातल्या प्रशिक्षकांना आणि पालकांना एक विनंती. तुमच्या मुलीला परदेशातून बोलावणं आलं तर जर्सीचा फोटो पाहून हुरळून जाऊ नका. करार आपल्या वकिलाला दाखवा. पगार कोण देणार, घर कोणाच्या नावावर, दुखापत झाली तर खर्च कोणाचा, परतीचं तिकीट कोणाचं, हे लेखी घ्या. एजंट हसेल, हसू द्या.

आणि फिबा युरोपला पुन्हा सांगते. पुढच्या हंगामाची गटवारी जाहीर होण्याआधी मला या मुद्द्यांचं लेखी उत्तर हवं आहे. तुमचं कार्यालय माझ्या घरापासून दूर नाही. तुम्ही वेळ दिलात तर मी आमच्या क्लबातल्या दोन-तीन मोठ्या मुलींना घेऊन येईन. त्यांचे प्रश्न माझ्यापेक्षा जास्त नेमके आहेत. उत्तर आलं तर ते जसंच्या तसं मराठीत याच ठिकाणी प्रसिद्ध करीन. आलं नाही तर तेही लिहीन, आणि गटवारीच्या दिवशी तुमच्या दाराशी येऊन पुन्हा विचारीन.

आपली,
नागपूरची एक माजी खेळाडू, सध्या म्युनिकमध्ये मुलींची प्रशिक्षक